सत्याणुव्रताचे अतिचार आणि समाजमाध्यमांतील मानवी हक्क

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे एक लहानसे आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तेथे आठवडी बाजार भरला होता. त्या बाजाराच्या गावी पाच अनोळखी पुरुष एस.टी.तून उतरले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. गावोगाव भिक्षा मागत फिरणे हा त्यांचा पिढीजात उदरनिर्वाह. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला असे कुणीसे पाहिले आणि 'मुले पळविणारी टोळी हीच' अशी आरोळी उठली. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तेथेच पाचही जणांचा जीव घेतला.

त्या गावाने मुले पळविणारी टोळी कधी पाहिली नव्हती. पाहिली होती ती मोबाइलच्या पडद्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्रफितींत. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एकीचा उगम पुढे शोधला गेला, तेव्हा जे उघड झाले ते मन विषण्ण करणारे होते. कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी तो लघुपट तयार केला होता. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, आणि पुढच्याच क्षणी परत आणून सोडतात. शेवटी जागृतीचा फलक येतो. कुणीतरी त्याचा शेवट कापला. मूल परत येण्याचा भाग गेला, फलक गेला, उरले ते केवळ अपहरण. मुलांच्या रक्षणासाठी केलेली वस्तू निरपराध माणसांच्या हत्येचे निमित्त झाली.

राईनपाड्यात हात उगारणारे काही जण होते. त्यांच्यावर खटला चालला. परंतु ती चित्रफीत ज्यांनी पुढे पाठवली त्यांची गणना कोणी केली? आपल्या शास्त्रात हिंसेचा विचार केवळ हाताने होणाऱ्या कृतीपाशी थांबत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि दुसऱ्याने केली असता मान्यता दिलेली, अशा तिन्ही प्रकारे आस्रव होतो, हे पाठशाळेतील मुलांनाही ठाऊक असते. एका बोटाने संदेश पुढे ढकलणे आणि त्याखाली अंगठ्याचे चित्र उमटविणे या दोन कृती या तिहींपैकी कोठे बसतात, हे ज्याचे त्याने पाहावे. प्रयोजनाविना घडणाऱ्या पापाला आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंड म्हटले आणि त्याचे पाच भेद सांगितले. त्यांतील दुःश्रुति आणि प्रमादचर्या हे दोन भेद वाचताना आजचा भ्रमणध्वनी डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही. सकाळी उठताच पन्नास संदेश वाचायचे आणि त्यांतील दहा न पडताळता दहा ठिकाणी पाठवायचे, यात ना कमाई ना धर्म; आणि तरीही त्यातून कुणाचा तरी जीव जाऊ शकतो.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही अशी मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. २०२० च्या एप्रिलमध्ये, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असाही बदल झाला. हे उपाय उपयोगी खरेच. पण यंत्राने घातलेली मर्यादा म्हणजे व्रत नव्हे. पाच जणांना पाठविलेला खोटा संदेश पाचही जणांनी पुढे पाठविला, तर पाचव्या टप्प्यावर तो तीन हजारांहून अधिक जणांपर्यंत पोहोचतो, हे गणित आपल्या व्यापारी समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही.

याच काळात, अशीच चित्रफीत आणि अशीच भीती असताना, एका जिल्ह्यात मात्र कुणाचाही बळी गेला नाही. तेलंगणातील जोगुळांबा गदवाल जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी आधीपासूनच प्रत्येक गावाला एक पोलीस कर्मचारी नेमून दिला होता. त्याने गावात जाऊन बसायचे, लोकांशी बोलायचे, त्यांची सुखदुःखे ऐकायची. या कर्मचाऱ्यांनीच त्यांना कळविले की, लोक संध्याकाळनंतर दारे लावून घेऊ लागले आहेत, अंगणात झोपणारी माणसे घरात झोपू लागली आहेत. कारण विचारता मोबाइलमधील चित्रफिती पुढे आल्या. त्यानंतर पोलीस गावोगाव गेले, सोबत डप्पू वाजविणारे आणि लोकगीते गाणारे कलावंत घेऊन. चावडीवर गाणे झाले, छोटे नाट्यप्रवेश झाले. खोटा संदेश कसा ओळखावा हे त्यांच्याच बोलीत सांगितले गेले. अनोळखी माणूस दिसला तर मारू नका, आम्हाला बोलवा, एवढीच विनंती होती. ती मानली गेली, कारण बोलावल्यावर येणारा माणूस गावाच्या ओळखीचा होता.

या उदाहरणात जाणकार तंत्रज्ञ नाहीत, महागडी यंत्रे नाहीत. गावाची भीती ऐकून घेणारे कुणीतरी होते, हाच तेथील फरक. केरळातील कण्णूर जिल्ह्यात त्याच वर्षी जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी 'सत्यमेव जयते' या नावाने सुमारे १५० सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे धडे सुरू केले. लसीकरणाविरुद्धच्या अफवांमुळे पालक लस टोचून घेऊ देत नव्हते, हे त्यामागील एक कारण होते. तेथील मुले घरी जाऊन वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारू लागली. आपल्या पाठशाळांतून णमोकार मंत्र आणि छहढाला शिकविताना महिन्यातून एक तास या कामी दिला, तर तो धर्मशिक्षणाबाहेरचा ठरेल असे आम्हास वाटत नाही.

येथे कुणी विचारील, यात मानवी हक्कांचा संबंध काय? १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्याच कलमातील 'सर्व पुरुष' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द बदलून 'सर्व मानव' असा करविण्यात भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांचा मोठा वाटा होता, ही गोष्ट आपल्या भगिनींनी जरूर लक्षात ठेवावी. त्या जाहीरनाम्यात जीविताचा हक्क आहे, खासगी जीवनाचा आहे, मत मांडण्याचा आहे. २०१२ च्या जुलैमध्ये त्याच संघटनेच्या मानवी हक्क परिषदेने ठराव केला की, जे हक्क माणसाला प्रत्यक्ष जगात आहेत तेच इंटरनेटवरही राखले गेले पाहिजेत. त्या दृष्टीने पाहता राईनपाड्यात जीविताचा हक्क गेला तो आधी पडद्यावर गेला.

तथापि एक धोका दुसऱ्या बाजूनेही आहे, आणि तोही महाराष्ट्रानेच अनुभवला. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न करणारे चार शब्द लिहिले, तिच्या मैत्रिणीने ते आवडल्याची खूण केली, आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ वापरले गेले. 'त्रासदायक' किंवा 'अत्यंत आक्षेपार्ह' अशा सैल शब्दांत गुन्हा सांगणारे ते कलम. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल हिने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. इतरही अनेक नागरिक आणि संस्था तिच्यासोबत उभ्या राहिल्या. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

गोष्ट येथे संपली असती तर न्यायालयाचे आभार मानून आपण निश्चिंत झालो असतो. पण रद्द झालेल्या त्या कलमाखाली पोलीस ठाण्यांतून पुढे कित्येक वर्षे गुन्हे नोंदविले जात राहिले! निकाल दिल्लीत झाला. तो तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोहोचलाच नाही. हे कुणाच्या लक्षात आले? इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसारख्या संस्थांनी आणि अभ्यासकांनी जिल्हा न्यायालयांतील प्रकरणे एकेक करून मोजली, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही जुनी संघटना ती घेऊन पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यावर धक्का व्यक्त केला. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये असे स्पष्ट निर्देश देण्यात आले. हक्क कागदावर मिळाला तरी त्याच्यावर पहारा देणारी माणसे लागतात. ही माणसे पगारी नव्हती असे नाही, परंतु त्यांच्यामागे वर्गणी देणारे, माहिती पुरविणारे, पत्रे लिहिणारे सामान्य नागरिक मोठ्या संख्येने होते. २०१५ मध्येच, इंटरनेट सर्वांना समान रीतीने मिळावे यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे दहा लाखांहून अधिक पत्रे ई-मेलने गेली होती, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राधिकरणाने त्या बाजूने नियम केला.

अशा एकजुटीचे बळ आपल्याला अपरिचित नाही. श्री सम्मेदशिखरजीच्या पावित्र्याच्या प्रश्नावर डिसेंबर २०२२ मध्ये गावोगाव मूकमोर्चे निघाले, त्यांची हाक मोबाइलवरूनच पोहोचली होती, आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र शासनाने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. जो समाज तीर्थासाठी असा एकवटतो, तो आपल्याच लेकीसुनांच्या खासगी आयुष्याच्या रक्षणासाठी एकवटू शकणार नाही का? हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारीत आहोत, कारण आता जे लिहावयाचे आहे ते आपल्या घरातले आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. मिथ्योपदेश आणि कूटलेखक्रिया हे दोन आपण सहज ओळखतो. खोटी शिकवण देणे आणि जे कुणी बोलले नाही ते त्याच्या नावावर लिहिणे. दुसऱ्याच्या नावाने उघडलेली खाती, कृत्रिम बुद्धिमत्तेने एकाच्या धडावर दुसऱ्याचा चेहरा बसविलेली चित्रे ही नव्या काळची कूटलेखक्रियाच होय. रहोभ्याख्यान म्हणजे स्त्रीपुरुषांचे एकांतातील वर्तन चव्हाट्यावर मांडणे. साकारमंत्रभेद म्हणजे चेहऱ्यावरून, हालचालींवरून दुसऱ्याच्या मनातील गुपित ताडून ते उघड करणे. कोण कोठे गेला, किती वाजता झोपला, कोणती वस्तू दोनदा पाहिली यावरून माणसाचे अंतरंग ताडणाऱ्या आणि ते जाहिरातदारांना विकणाऱ्या व्यवसायाला याहून नेमका शब्द आम्हास तरी ठाऊक नाही. एक गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे: यांतील शेवटच्या दोन्ही अतिचारांत सांगितलेली गोष्ट खरी असू शकते. तरीही ती सत्यव्रताला बाध आणते. 'खरे तेच तर पाठवले' हा बचाव शास्त्राने केव्हाच नाकारला आहे.

पाचवा अतिचार न्यासापहार. टीकाकारांनी त्याचे स्पष्टीकरण फार मार्मिक केले आहे. एखाद्याने आपल्याकडे ठेव ठेवली. काळ लोटला, तो नेमकी संख्या विसरला आणि त्याने कमी मागितली. तेव्हा 'हो, तेवढीच होती' असे म्हणून उरलेले ठेवून घेणे, हा न्यासापहार. ठेवणारा विसरला म्हणून ठेवून घेणाऱ्याचा अधिकार निर्माण होत नाही.

आता आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांकडे पाहू. मेळावे उत्तम चालतात. शेकडो कुटुंबांची सोय होते, कार्यकर्ते निष्ठेने राबतात, याबद्दल दुमत नाही. पूर्वी परिचय पुस्तिका छापली जाई, नोंदणी केलेल्या पालकांना मिळे आणि लग्न जमले की कपाटात पडून राही. आज तीच पुस्तिका पीडीएफ होऊन फिरते. तीत मुलीचे छायाचित्र, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, शिक्षण, नोकरीचे ठिकाण, वार्षिक उत्पन्न, वडिलांचा भ्रमणध्वनी क्रमांक, राहत्या घराचा पत्ता, मामांचे गाव, एवढे सगळे एका पानावर असते. बँकेतील गोपनीय प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्या भामट्याला यापेक्षा अधिक काय हवे? ही पुस्तिका एका गटातून दुसऱ्या गटात जाते, तेथून ओळखदेख नसलेल्या मध्यस्थांकडे जाते. मुलीचे लग्न होऊन तिला मूल होते तरी 'बायोडाटा पाहिला' म्हणून फोन येत राहतात. पालकांनी ठेव ठेवली होती ती एका मेळाव्यापुरती. ते विसरले, आपण मात्र ती दहा वर्षे बाळगून आहोत आणि वाटत आहोत.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. माहिती गोळा करणाऱ्याला त्या कायद्याने जे इंग्रजी नाव दिले आहे त्याचा अर्थ विश्वस्त असा होतो. म्हणजे माहिती ही ठेव आहे, हेच कायदाही सांगतो. कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेली माहितीही त्यात येते. ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, काम संपताच काढून टाकावी, अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी, ही त्याची मुख्य सूत्रे. घरगुती वापराला सूट आहे. मंडळाला, ट्रस्टला, वसतिगृहाला ती नाही. समाजाची जनगणना पुस्तिका, पाठशाळेतील मुलांची छायाचित्रे, वसतिगृहातील विद्यार्थिनींची यादी हे सगळे त्या कक्षेत येते. आपल्या संस्थांच्या विश्वस्तांनी वकिलाला विचारून घ्यावे, पण त्याआधी तत्त्वार्थसूत्र काढून पाहिले तरी बरेचसे काम होईल.

याहून अवघड प्रसंग तो, जेव्हा एखाद्या मुलीचे छायाचित्र विकृत करून पसरविले जाते, किंवा जुन्या मैत्रीतील खासगी चित्राचा धाक दाखवून तिला छळले जाते. अशा वेळी घरातील पहिला उद्गार बहुधा 'कुणाला कळू देऊ नका' असा असतो. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतील उपगूहन या अंगाचा आधारही कधी कधी घेतला जातो. हा त्या अंगाचा विपर्यास आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणू इच्छितो. उपगूहन म्हणजे धर्मात असलेल्याची असमर्थतेने झालेली चूक झाकणे. अपराध्याला अभय देणे नव्हे. आणि येथे मुलीची चूक तरी कोणती? तिला लागू पडणारे अंग दुसरेच आहे: स्थितीकरण, म्हणजे डळमळू लागलेल्याला पुन्हा पायांवर उभे करणे, आणि त्याच्या जोडीचे वात्सल्य. ती खचते ती चित्रामुळे जितकी, तितकीच आपण एकटे पडलो या जाणिवेने.

स्थितीकरण म्हणजे नेमके काय करायचे, हे ठाऊक असायला हवे, कारण त्या घटकेला घरातील कुणाचेही डोके ठिकाणावर नसते. घाबरून संदेश पुसून टाकू नयेत; पडद्याची छायाचित्रे काढावीत, खात्याचा पत्ता, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. पैसे मागितले तर देऊ नयेत. एकदा दिल्याने मागणी थांबत नाही, वाढते. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, जितक्या लवकर तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक. केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर स्त्रिया आणि बालकांविषयीच्या तक्रारी नाव न देताही करता येतात. पोलीस ठाणे 'हे आमच्या हद्दीत नाही' म्हणाले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ दाखवावे. हद्द कोणतीही असो, खबर नोंदवून घेणे बंधनकारक आहे. चित्र ज्या माध्यमावर आहे त्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही दाद मागावी. अशा खासगी चित्रांबाबत २०२१ च्या नियमांनी मुळात २४ तासांत कारवाईची मुदत घालून दिली होती. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. तीत चित्र कुणाकडेही पाठवावे लागत नाही. आपल्याच यंत्रावर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, तो ठसा सहभागी माध्यमांना दिला जातो आणि तेच चित्र पुन्हा चढविले गेल्यास ओळखून अडविता येते. ही सोय अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. त्याखालील मुलांसाठी 'टेक इट डाउन' ही वेगळी सोय आहे.

हे सर्व एकट्या आईने, रात्री अकरा वाजता, रडत रडत शोधावे काय? प्रत्येक गावच्या महिला मंडळात दोघी-तिघी अशा असाव्यात की ज्यांना हे पाठ आहे, ज्यांच्या तोंडून बाहेर काही जाणार नाही याची गावाला खात्री आहे, आणि ज्या मुलीबरोबर ठाण्यात जाऊन बसू शकतात. त्यांतील एक तरी तरुण असावी. मुली मावशींच्या वयाच्या बाईंना सारेच सांगत नाहीत. सांगलीत, कोल्हापुरात, बेळगावात आपल्याच समाजातील वकील आणि संगणक अभियंते कमी नाहीत. वर्षाकाठी चार दिवस त्यांनी दिले तरी पुरे. पंचकल्याणकाच्या मांडवात पाण्याची आणि पार्किंगची जबाबदारी घेणारे युवक हेही घेऊ शकतील.

आणखी एक विषय थोडा नाजूक आहे. आपल्या मुनिश्रींची, आपल्या आचारांची समाजमाध्यमांवर चेष्टा होते आणि आपले मन दुखावते. २०१६ मध्ये मुनिश्री तरुणसागरजींनी हरियाणा विधानसभेत प्रवचन केले, त्यावर एका नामवंत संगीतकाराने अनुचित टिप्पणी केली. त्याने पुढे जाहीर क्षमा मागितली आणि मुनिश्रींनी त्याला क्षमा केली. तरीही गुन्हा नोंदविला गेला आणि प्रकरण अनेक वर्षे वरिष्ठ न्यायालयांत फिरत राहिले. चेष्टेला उत्तर देण्याचा, समज दूर करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि दिगंबरत्वाचा अर्थ शांतपणे सांगणारे लिखाण इंटरनेटवर आज जेवढे आहे त्याच्या दसपट हवे. मात्र एखाद्या समूहाला मारा, हाकला, बहिष्कृत करा असे सांगणारा संदेश वेगळा आणि मूर्खपणाची थट्टा वेगळी. पहिल्याविरुद्ध कायद्याकडे अवश्य जावे. दुसऱ्यासाठी पालघरसारखी अटक आपण मागू लागलो, तर उद्या तेच शस्त्र आपल्यावर उलटेल. अल्पसंख्य समाजाने तर हे अधिकच जाणून असावे. अनेकांताची थोरवी आपण व्यासपीठावरून सांगतो. समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ट्रस्टच्या हिशेबाविषयी कुणी प्रश्न विचारला की त्याला त्या गटातून काढून टाकतो, हेही जाता जाता नमूद केले पाहिजे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध देशातील पहिला कायदा केला, तो अशाच मनोवृत्तीच्या अनुभवातून.

आपल्या गटांचे व्यवस्थापक म्हणजे जुन्या काळचे पंचच होत. गटात आलेला धक्कादायक संदेश खरा की खोटा हे पडताळणाऱ्या दोन व्यक्ती प्रत्येक गटाने नेमाव्यात आणि तो खोटा निघाल्यास त्याच गटात, पाठविणाऱ्याचा अपमान न करता, तसे लिहावे. बहुतेक ठिकाणी खोटा संदेश येतो, सारे गप्प राहतात आणि संदेश खरा ठरतो. क्षमावाणीच्या दिवशी तयार चित्रे हजारोंना पाठविण्यापेक्षा, वर्षभरात ज्याच्याविषयी आपण खोटे पुढे ढकलले त्या एकाला फोन करणे अधिक कठीण आहे, आणि म्हणूनच ते करून पाहावे.

पुढील मेळाव्याच्या नोंदणी अर्जावर चार ओळी वाढवाव्यात, एवढी सूचना आम्ही सर्व मंडळांना करीत आहोत. कोणती माहिती छापू द्यायची ते उमेदवार मुलीने आणि मुलाने स्वतः खूण करून सांगावे, केवळ पालकांनी नव्हे. घराचा पत्ता आणि जन्मवेळ पुस्तिकेत न देता मंडळाच्या कार्यालयात ठेवावी आणि दोन्ही घरांची इच्छा जुळल्यावरच द्यावी. प्रत्येक प्रतीवर ती ज्या कुटुंबाला दिली त्याचा नोंदणी क्रमांक छापावा, म्हणजे ती कोठून बाहेर गेली हे कळेल. आणि ही माहिती कोणत्या तारखेला नष्ट केली जाईल, ती तारीख अर्जावरच लिहावी. त्या दिवशी मंडळाच्या बैठकीत तसे झाल्याची नोंद इतिवृत्तात करावी.